संपूर्ण घर व्हीगन करू इच्छिणाऱ्यांस

निपाणी, खानापूर, चिक्कोडी किंवा खुद्द बेळगावात राहून ज्यांना येत्या सोमवारपासून आपले संपूर्ण घर व्हीगन, म्हणजे दूध-तूप-अंड्यांसह सर्व प्राणिजन्य अन्न वर्ज्य करणारे, करावयाचे आहे, त्यांनी हा निर्णय घरातील कोणालाही विचारून घेऊ नये. विचारले की आजी दुधाच्या कुंद्याचे काय म्हणून विचारतील, अण्णा जेवणाअखेरच्या ताकाचा प्रश्न उपस्थित करतील, आणि दहीभाताखेरीज जगात दुसरे अन्न आहे हे ज्यास अद्याप मान्य नाही तो धाकटा ताट पुढे ढकलून मोकळा होईल. मुलांच्या जिभेवर नवी चव रुळण्यासाठी तो पदार्थ दहा-पंधरा वेळा थोडाथोडा पानात यावा लागतो, असे आहारतज्ज्ञ सांगतात. पण एवढा धीर ज्याच्यापाशी आहे तो माणूस क्रांतीच्या भानगडीत कशाला पडेल?

ज्वारीची भाकरी, झुणका, भरल्या वांग्यांची एण्णेगाई आणि कारळ्याची चटणी यांत दूध, तूप किंवा अंडे मुळातच नसते, ही बातमी मात्र घरात फुटू देऊ नये. ज्या आहाराचे नाव १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले, तो आपल्या शिवारात बांधावर बसून, वाटीभर ताक बाजूला ठेवले तर, सहज खाल्ला जातो, असे कळल्यास आपल्या त्यागाला किंमत ती काय राहणार? म्हणून बदामाचे दूध, सोयाबीनचा टोफू आणि काजूचे चीज बेंगळुरूहून मागवावे. बिल पाहून घरच्यांना आपल्या निष्ठेची खात्री पटते. गोकाकचा गोड करदंट तुपामुळे बाद होतो. मांड्यांबद्दल वाद घालण्याचे कारण नाही, कारण यापुढे ते मनातच खावयाचे आहेत.

घरात कोणास अॅलर्जी असेल, तर ती केवळ हट्टाची सुधारलेली आवृत्ती आहे असे समजावे. ज्याला दुधाची किंवा अंड्याची अॅलर्जी आहे, त्याच्या पानात आपल्या क्रांतीने काहीच बदलत नाही; तो ते पदार्थ पूर्वीपासूनच टाळत आला आहे, तेव्हा त्याचे श्रेय मात्र आपण घ्यावे. खरी अडचण शेंगदाण्याची. शेंगदाणा, काजू, सोयाबीन, तीळ आणि गहू ही अॅलर्जीची नामांकित कारणे असून सर्वच्या सर्व झाडापासून येतात, आणि तूप-लोणी हद्दपार झाले की चवीची रिकामी जागा आपल्याकडे शेंगदाण्याचा कूटच भरून काढतो. अशा वेळी मुलीला 'हे वनस्पतिजन्य आहे, बाधणार नाही' असे शांतपणे सांगावे. पाकिटावरील हिरवी 'व्ही'ची खूण, जी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांमुळे आली, ती प्राणिजन्य घटक नसल्याचे सांगते, शेंगदाण्याविषयी चकार शब्द काढत नाही. त्याविषयीची सूचना मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि त्यासाठी चष्मा शोधत बसणे क्रांतिकारकाला शोभत नाही. काजू सोसत नसल्यास पिस्ते द्यावेत. काजूची अॅलर्जी असलेल्यांना पुष्कळदा पिस्तेही बाधतात, हे डॉक्टरांकडून ऐकण्याची वेळ येईपर्यंत दुर्लक्षावे. ओठ सुजले किंवा श्वास अडकू लागला, तर शरीर विषारी द्रव्ये बाहेर टाकत आहे असे जाहीर करावे. तरीही एखाद्या आगाऊ शेजाऱ्याने मुलीला दवाखान्यात नेलेच आणि तिथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन देऊन तिचा जीव वाचवलाच, तर डॉक्टरांना टोफूची पाककृती भेट द्यावी.

आता राहिला बी-१२ चा किरकोळ मुद्दा. हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी गोळी किंवा मुद्दाम ते मिसळलेले पदार्थ घ्यावे लागतात, आणि औषधाच्या दुकानात ते सहज उपलब्ध आहे. पण गोळी घेणे म्हणजे शत्रूच्या छावणीत तह करणे होय, सबब टाळावे. निसर्गाने येथे आपली सोय केलेली आहे: मोठ्या माणसाच्या यकृतातील साठा बहुधा काही वर्षे पुरतो, त्यामुळे हातापायांना मुंग्या येईपर्यंत आपण आपल्या प्रकृतीचे दाखले निर्धास्तपणे देऊ शकता. लहान मुलांचा साठा तुलनेने लवकर संपतो. त्यांची मरगळ अभ्यासाच्या कंटाळ्यात जमा करावी आणि रक्ततपासणीचा विषय निघाल्यास तो पुढील संकष्टीवर ढकलावा, तोवर आपण उकडलेल्या अन्नाचा त्याग करून कच्च्या आहाराच्या तयारीला लागलेले असाल.