यूएसबी लावली म्हणून सेन्सर जळत नसतो, दाजी

"डीएसएलआर कॉम्प्युटरला जोडून फोटो काढणाऱ्यांनो सावधान!!!" हा मेसेज एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. (डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा.) त्यात पाच मुद्दे आहेत. केबलमधून कॉम्प्युटरचा करंट येतो आणि सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग, जळतो. केबलमधून व्हायरस शिरतो, मग कुणीही कुठंही बसून तुमचा कॅमेरा चालवतो. शटर निम्म्या वेळात मरतं. वॉरंटी रद्द होते. आणि कॉम्प्युटरवरून फोटो काढायला लाखभराचं सॉफ्टवेअर लागतं. सगळ्यात खाली एक लिंक आहे: ४९९ रुपयांत आमचा माणूस "सुरक्षित सेटिंग" करून देईल.

असले मेसेज मी न वाचताच उडवतो. पण हा आमच्या दाजींनी वाचला आणि भाचीची केबल उचलून कपाटात टाकली. पोरगी कोल्हापुरात चप्पल लाईनमधल्या दुकानांसाठी आणि गुजरीतल्या एका सराफासाठी ऑनलाइन विक्रीचे फोटो काढते. ऐन ऑर्डरच्या वेळी तिचं काम अडलं. "एवढ्या लोकांनी पुढं पाठवलंय, ती सगळी येडी हैत व्हय?" हा दाजींचा सवाल. लोकांचं सोडा, मुद्दे बघू.

आधी करंट, कारण घाबरवायचं काम यानंच केलंय. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट येतात. भाचीच्या कॅमेऱ्यातली बॅटरी आहे ७.४ व्होल्टची. म्हणजे जो कॅमेरा रोज ७.४ व्होल्ट पोटात घेऊन हिंडतो, तो ५ व्होल्टनं जळणार! शिवाय तिच्या कॅमेऱ्यासारखे बरेच जुने डीएसएलआर केबलमधून चार्जच होत नाहीत. उलट केबल जोडून लाइव्ह व्ह्यू (समोरचं दृश्य पडद्यावर सतत दाखवणं) चालू ठेवला की बॅटरी भराभर उतरते, म्हणून तर स्टुडिओवाले वायरीनं सॉकेटला जोडलेली डमी बॅटरी घालून बसतात. जिथून बॅटरीत टिपूसभर चार्ज येत नाही, तिथून सेन्सर जाळायला करंट कुठला येणार?

केबलमधून जातात ते हुकूम. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ ११ कर, फोटो काढ, काढलेला फोटो इकडं दे. या हुकमांची ठरलेली भाषा आहे, पीटीपी. ती आयएसओ १५७४० या नावानं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून नोंदलेली आहे, आणि बाहेरून फोटो काढायला लावण्याचा हुकूम त्या प्रमाणातच आहे. कंपन्यांनी त्यात आपापले जादा हुकूम घातले, एवढंच. म्हणजे हा काही कुणी फोडलेला चोरदरवाजा नाही, कॅमेरा बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं दार आहे. वॉरंटीचा मुद्दा इथंच निकालात निघतो: कंपनीनं दिलेल्या पोर्टला कंपनीचंच सॉफ्टवेअर जोडलं तर वॉरंटी कोण रद्द करणार?

आता एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. आपल्याकडं जुन्या घरांत, दुकानांत सॉकेटचं वरचं भोक नुसतं नावाला असतं, मागं अर्थिंगची वायरच नसते. तिथं डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. हा एसएमपीएसमधून, म्हणजे डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमधून, गळणारा करंट. केबलच्या धातूच्या वेष्टणातून तो कॅमेऱ्याच्या पोर्टपर्यंत येऊ शकतो, आणि जोडताना बारीक ठिणगी पडून पोर्ट बिघडू शकतो. पण त्यावरचा उपाय वायरमन आहे. तो येईपर्यंत लॅपटॉप चार्जरवरून काढा आणि त्याच्या बॅटरीवर काम करा. त्याहून खरी भीती केबलला पाय अडकायची. पोर्ट आतल्या बोर्डावर बसवलेला असतो, एक हिसका बसला की गेला. लांबूनच दिसणारी भडक नारिंगी केबल लोक उगाच घेत नाहीत. आणि साधी यूएसबी २ केबल ५ मीटरपुढं ओढू नका, कॅमेरा मध्येच गायब होतो आणि मग "बघ, जळला" म्हणायला घरचे तयारच असतात.

ही केबल कशाला लागते, तेही दाजींनी एकदा बघावं. कोल्हापुरी साज समोर ठेवला की कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर सगळं झकास दिसतं. तोच फोटो मॉनिटरवर उघडला की एका पानावर अंगठ्याचा ठसा, दुसऱ्यात कॅमेऱ्याचीच काळी सावली, आणि पुढचे जवमणी लख्ख असताना मागचे धूसर. मग फोकस कॉम्प्युटरवरून थोडा थोडा मागं सरकवत पाच-सहा फोटो घ्यायचे आणि नंतर एकत्र करायचे. हातानं रिंग फिरवली की कॅमेरा केसभर हलतो आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. चपलेच्या वेणीचं आणि गोंड्याचंही तेच. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ उभा आहे, आणि आपण केबलला भ्यायलोय.

व्हायरसच्या मुद्द्यात मात्र एक दाणा खरा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅनन ८०डी या कॅमेऱ्यावर रॅन्समवेअर (फोटो ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस) चढवून दाखवलं. वर सांगितलेली पीटीपी कॅननच्या कॅमेऱ्यात बसवताना राहिलेल्या चुका वापरून, यूएसबीवरून आणि वायफायवरूनही, कार्डातले फोटो कुलूपबंद केले. पण पुढचं मेसेजवाला सांगत नाही. हे प्रयोगशाळेत केलं होतं, कॅननला आधी कळवून. कुणाचं नुकसान झाल्याची खातरजमा झालेली एकही घटना नाही, असं कॅननच्या सूचनापत्रात होतं, आणि दुरुस्त फर्मवेअरही (कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर) आलं. सूचना साध्या होत्या: फर्मवेअर अधिकृत जागेवरूनच घ्या, वायफाय नको तेव्हा बंद ठेवा, उघड्या नेटवर्कला कॅमेरा जोडू नका, व्हायरसचा संशय असलेल्या कॉम्प्युटरलाही नको. यातून "केबल लावली की कुणीही कुठंही बसून तुमचा कॅमेरा चालवतो" हे कसं निघालं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. साध्या लेन्सची झूम रिंग तर खुर्चीत बसलेल्या मालकालाही कॉम्प्युटरवरून फिरवता येत नाही, उठून हातानंच फिरवावी लागते.

शटर: त्याचं आयुष्य फोटोंच्या संख्येत मोजतात. बटण बोटानं दाबा की माउसनं, एक फोटो म्हणजे एकच मोजणी. रात्रभर टाइमलॅप्स लावाल तर गोष्ट वेगळी. दर ५ सेकंदाला एक म्हटलं तरी ८ तासांत ५७६० फोटो होतात. तो दोष केबलचा नाही, हौसेचा.

सॉफ्टवेअर: कॅननचं ईओएस युटिलिटी फुकट, निकॉनचं एनएक्स टेदर फुकट, सोनीचं इमेजिंग एज फुकट. विंडोजवर डिजिकॅमकंट्रोल, लिनक्सवर जीफोटो२ आणि एन्टँगल, तीही फुकट. विकतची आहेत, पण ती घ्यायलाच पाहिजेत असं नाही. आपलं मॉडेल यादीत आहे का, एवढं आधी बघायचं, कारण काही स्वस्त मॉडेलांत सगळे हुकूम चालत नाहीत.

आता ती लिंक. मेसेजमधलं खरं विष तिथं आहे, आणि दाजींना नेमकं तेवढंच भरवशाचं वाटलं! "आमचा माणूस तुमच्या स्क्रीनवर येऊन सेटिंग करेल" म्हणजे एक ॲप टाकून तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा अनोळखी माणसाला द्यायचा. त्याच कॉम्प्युटरवर सराफाच्या मालाचे फोटो, गिऱ्हाइकांचे नंबर, बँकेचं लॉगिन. अशा ॲपमधून स्क्रीनचा ताबा घेऊन खात्यातले पैसे पळवले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. व्हायरसच्या भीतीनं केबल काढायची आणि घराची किल्ली चोराच्या हातात द्यायची, याला काय म्हणावं? ईओएस युटिलिटी उतरवून घेताना कॅनन फार तर कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरीयल नंबर मागतं. ओटीपी मागत नाही, ४९९ मागत नाही, आणि तुमच्या स्क्रीनवर तर येतच नाही.

कुणी ते ॲप आधीच घेतलं असेल तर नेट लगेच बंद करा, ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.