त्रेसष्टचे छत्तीस

पहिल्या सत्राचा निकाल लागून आठवडा झाला. आमच्या धाकट्याला, इयत्ता दुसरी, गणितात ब-२ श्रेणी. वर्णनात्मक नोंदींमध्ये 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात बाईंनी लिहिलंय, 'संख्यालेखनाचा सराव हवा.' मी सही केली. त्या संध्याकाळी मी जशी वागले ते इथे लिहिते, कारण याच आठवड्यात कितीतरी घरांत तसंच घडलं असेल.

त्याला स्वयंपाकघरात माझ्या समोर बसवलं आणि एकेक संख्या सांगायला लागले. त्रेसष्ट. त्यानं लिहिलं ३६. खोडायला लावलं. परत त्रेसष्ट. परत ३६. सत्तेचाळीसला ७४. एकोणसाठला ६१. चौथ्या-पाचव्या वेळी माझा आवाज चढला. "ताई तुझ्याएवढी असताना शंभरपर्यंत धडाधड लिहायची," हेही बोलून झालं. मग त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. रडला नाही. नुसते हात मागे घेतले. ते हात मला अजून दिसतात.

आबा, म्हणजे माझे सासरे, बाहेरच्या खोलीतून उठून आले. त्यांची सगळी नोकरी कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून झाली. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं, विक्रीच्या पट्ट्या, हिशेब सगळं हातानं. कॅल्क्युलेटर घरात आहे, पण तो आम्ही वापरतो. त्यांनी वही उचलली, सगळी पानं मागेपुढे चाळली आणि मला विचारलं, "ह्यात चुकलंय काय?"

"आबा, त्रेसष्टला छत्तीस लिहितोय तो."

"व्हय, बघितलं. पण तू म्हणालीस काय? त्रे-सष्ट. आधी काय ऐकू आलं? तीन. मग साठ. पोरगं ऐकलं तसं लिहितंय की."

मी गप्प झाले. इतकी वर्षं मराठी बोलते, पण हे कधी माझ्या कानाला जाणवलं नव्हतं. आपण लिहितो दशक आधी, बोलतो एकक आधी. त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर, सत्तेचाळीस, सगळे उलटे. आणि एकोणसाठ तर एकदम वेगळंच, साठाला एक कमी. पोरानं 'एक' ऐकला, 'साठ' ऐकलं आणि ६१ लिहिलं. त्याच्या कानाची काहीच चूक नाही. ६१ला आपण एकसष्ट म्हणतो, ५९ला एकोणसाठ. सात वर्षांच्या मुलाला त्या दोन शब्दांत किती फरक ऐकू येणार?

आबांना व्यापारामुळे कानडी आकडे तोंडपाठ आहेत. संकेश्वर, गोकाककडची माणसं अडतीवर असायची. त्यांनी मोजून दाखवलं. कानडीत त्रेसष्टला अरवत्तमूरु. अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. जसं बोलतात तसंच लिहितात. तासाभराच्या अंतरावर, निपाणीच्या पुढं, त्याच वयाच्या पोरांना हा घोळ घालावाच लागत नाही.

मला २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत विषय गेला, टीव्हीवर चर्चा, मोबाईलवर विनोदांचा पूर. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात, त्यांच्यासाठी ही सोय आहे. त्या वेळी ते विनोद मीही पुढे पाठवले होते. धाकटा तेव्हा शाळेतही जात नव्हता. आज त्याची वही समोर आहे आणि ते विनोद पाठवल्याचं मला वाईट वाटतं. आजही मला त्रेसष्ट हाच शब्द हवाय, तो आपल्या भाषेचा आहे आणि तो टिकला पाहिजे. पण त्याच्यापर्यंत पोचताना लेकराच्या हातात एक काठी दिली तर बिघडलं काय?

पुढं आबांनी काय केलं ते सांगते. कपाटातून दहाच्या नोटा आणि डब्यातली चिल्लर काढली. धाकट्याला म्हणाले, "त्रेसष्ट रुपये दे मला, गुळाचे." त्यानं क्षणभरही न थांबता दहाच्या सहा नोटा मोजल्या, वर तीन रुपये ठेवले. "आता एकोणसाठ दे." त्यानं पाच नोटा घेतल्या, नऊ नाणी वेचली. एकदाही चुकला नाही. म्हणजे त्रेसष्ट किती असतात हे त्याला पक्कं माहीत होतं. अडत होतं फक्त कानापासून पेन्सिलीपर्यंतच्या वाटेत. प्रगतिपुस्तकातल्या ब-२ला हा फरक कळत नाही. मलाही कळला नव्हता, आणि मी तर त्याची आई आहे.

मग आबांनी पाटीवर ६३ काढलं. "बघ, हे दोघं तोंडाला तोंड करून गप्पा मारत बसल्यात." शेजारी ३६ काढलं. "आणि हे पाठीला पाठ लावून, भांडल्यागत. म्हणून माणसं म्हणतात, त्या दोघांचा छत्तीसचा आकडा हाय." धाकटा हसला. हात पुढे आले.

त्या रात्री मी दोन्ही मुलांच्या वह्या काढून बसले. निकाल बघायला नव्हे, चुका बघायला. आणि मला मनापासून वाटतंय की पहिली ते चौथीच्या मुलांची प्रगती बघायची असेल तर आपण चुकीच्या जागी बघतोय. श्रेणी सांगते किती चुकलं. कसं चुकलं ते फक्त वहीत असतं. धाकट्यानं लिहिलंय 'कोलापूर'. आपण सगळे तोंडानं कोलापूरच म्हणतो, 'ल्ह' कोण म्हणतं? 'पाणि' लिहिलंय, कारण शेवटचा इकार दीर्घ हे कान सांगत नाही, नियम सांगतो, आणि तो नियम त्याच्यापर्यंत अजून आलेला नाही. जून महिन्यात हाच मुलगा 'पण' आणि 'पाणी' दोन्हीला 'पन' लिहायचा. आता त्याला काना ऐकू येतो, ण आणि न वेगळे ऐकू येतात. चार महिन्यांत एवढी मजल! आणि मी काय बघत होते, तर ब-२.

आता थोरलीचं. हे लिहायला मला जड जातंय.

ती चौथीत. तिसरीत असताना शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती, त्यावर निबंध लिहायचा होता. तिनं दोन पानं लिहिली. तीन दरवाजा, अंबरखाना, वाऱ्यानं टोपी उडाली ती, मैत्रिणीनं दिलेली चिंच, बसमध्ये कुणाला उलटी झाली ते, सगळं. आणि त्यात लिहिलं, 'मी खूप दमलो. मी खाली बसलो.' वहीवर लाल शाईनं सात ठिकाणी गोल आले. 'दमले. बसले. लिंग चुकले.' खाली शेरा, 'शुद्ध लिहावे.'

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कोल्हापुरात बायकामुली 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. माझ्या आईनं तेच म्हटलं, मी घरात तेच म्हणते, "मी भाजी घेऊन येतो गं." लेकीनं आईच्या तोंडची भाषा लिहिली. तिनं मला विचारलं, "मम्मी, तू पण असंच म्हणतीस की. मग तुझं पण चुकतंय?" मी घाईत होते. म्हणाले, "बाईंनी सांगितलंय तसं लिही." तेवढंच.

त्यानंतर तिचे निबंध शुद्ध झाले. 'माझी आई' वर सहा वाक्यं. 'माझी आई मला आवडते. ती स्वयंपाक करते.' एकही लाल गोल नाही. मराठीत ब-१ची अ-२ झाली आणि मी घरी श्रीखंड केलं. परवा रात्री त्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मला कळलं की श्रेणी वर गेली आणि मुलगी खाली आली होती. तिनं चुका टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग शोधला होता, कमी लिहायचं. ज्या वाक्यात चुकण्याची भीती, ते वाक्यच नको. चिंच गेली, टोपी गेली, उलटीसुद्धा गेली.

बाईंना मी दोष देत नाही. एका वर्गात चाळीस वह्या, वर शंभर माहित्या भरायच्या. प्रमाण भाषा शिकवणं हे त्यांचं कामच आहे आणि ती माझ्या मुलीला आलीच पाहिजे, उद्या तिला जगात त्यावरच उभं राहायचंय. पण घरची भाषा 'चूक' आणि शाळेची 'बरोबर' असं न सांगता 'घरी आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितो' एवढं सांगायला मलाच दोन मिनिटं काढायला हवी होती. ती मी काढली नाहीत.

खरं तर पहिली-दुसरीचं मूल्यमापन कागदावर बघितलं तर चांगलं आहे. १०० पैकी ७० गुण आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या कामाचे, ३० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या चाचणीचे. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं येतं. नोटा मोजायला दिल्या की मूल त्रेसष्ट देतं, हे तिथं दिसायला हवं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१मध्ये सुरू झालं, त्याचंही उद्दिष्ट असं की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत. तिसरी संपेपर्यंत! सरकार एवढा वेळ देतंय आणि आपण दुसरीच्या दिवाळीआधी घर डोक्यावर घेतो. पालकांच्या ग्रुपवर निकालाच्या दिवशी फोटो पडायला लागतात, अ-१, अ-१, अ-१, आणि उरलेले पालक गप्प बसतात. तो फोटो टाकताना दुसऱ्या कुणाच्या तरी घरात एक पोरगं हात मागे नेणार आहे, एवढं मनात आणा.

काळजी करायचीच नाही असंही मी म्हणत नाही. चूक बदलत राहिली तर मूल चालतंय. तीच चूक तशीच्या तशी सहा महिने राहिली तर बाईंशी बोला, डोळे तपासा, कान तपासा. माझ्या जावेचा मुलगा फळ्यावरचं उतरवताना शब्दच्या शब्द गाळायचा, वर्षभर त्याला 'लक्ष नाही' म्हणून बोलणी बसली. चष्मा लागल्यावर आठवड्यात सगळं उतरवायला लागला. वर्षभराची बोलणी मात्र परत घेता येत नाहीत.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आबांचे वडील त्यातूनच शाळेत गेले, आमच्या घरातले पहिले. आबा सांगतात, वडिलांच्या बापाला दंडाची भीती होती म्हणून शेरडं सोडून पोरगं शाळेत बसलं. तो दंड बापाला होता. पोराला नव्हता. परवापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन दिवसांपूर्वी मी शाळेत गेले होते. धाकट्याच्या बाईंना नोटांचा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, वर्गात आम्ही काड्यांचे दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापरतो, पण चाचणीच्या दिवशी फक्त श्रुतलेखन झालं. त्यांनी तिथल्या तिथं त्याला गठ्ठे मांडायला दिले आणि त्याच्या वहीत स्वतःच्या हातानं नोंद केली. मला खूप बरं वाटलं.

थोरलीला मी रात्री शेजारी घेतलं. सांगितलं की पन्हाळ्याचा निबंध माझ्याकडे जपून ठेवलाय आणि तो तिनं लिहिलेला सगळ्यात चांगला निबंध आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यात 'दमलो' आहे." मी म्हटलं, "असू दे. तू दमलीस ना खरंच?" काल तिनं रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो त्याबद्दल लिहिलंय. पाऊण पान. एका ठिकाणी 'मी पळालो' लिहून स्वतःच वर 'पळाले' केलंय, खालचा शब्द न खोडता.

आणि धाकटा आता आबांपुढं बसतो. एकोणसाठ म्हटलं की पुटपुटतो, "साठातनं एक गेला," आणि ५९ लिहितो. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळे आले. काल आबा म्हणाले नव्याण्णव. त्यानं ९९ लिहिलं बरोबर, पण पेन्सिल थांबवून विचारलं, "आबा, सगळ्यांना एकोण लागतंय, मग ह्याला एकोणशंभर का म्हणत न्हाईत?"

आबा सकाळपासून त्याच विचारात आहेत.