पांढरा वाघ सैबेरियन नव्हे

बर्फात उभ्या पांढऱ्या वाघाचा फोटो सध्या सगळीकडे फिरतोय. खाली मजकूर: 'हा दुर्मीळ सैबेरियन वाघ. बर्फात लपता यावं म्हणून निसर्गानेच याला पांढरा केला. वजन ४०० किलो. राहतो बर्फाळ ओसाड प्रदेशात. आता प्राणिसंग्रहालयातली पैदासच याला वाचवेल.' यातलं एकही वाक्य खरं नाही.

सैबेरियन, म्हणजेच अमूर वाघ नारिंगीच असतो. हिवाळ्यात त्याची फर लांब, दाट आणि फिकट होते, पट्टे काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकतात, इतकंच. पांढरे वाघ आपल्याकडचे. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. पुढे त्याच्याच मुलीशी त्याचा संकर करून पांढरी पिल्लं मिळवली. आज पिंजऱ्यांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच वंशातले. हा रंग एका जनुकातल्या बदलामुळे येतो. लपण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि लपायचं तरी कुठे? अमूर वाघ राहतो रशियाच्या अतिपूर्वेला, सिखोते-अलीन डोंगररांगांत, आणि थोडे चीनच्या ईशान्य सीमेवर. तिथे कोरियन पाइन आणि ओकचं मिश्र जंगल आहे. तिथल्या ओकची वाळलेली तांबूस पानं हिवाळाभर फांद्यांनाच लटकून राहतात, त्यांच्या आड नारिंगी वाघ दिसतही नाही. शिवाय हरणांना नारिंगी आणि हिरवा यांतला फरक जेमतेमच कळतो.

बर्फ ही त्याची आवड नव्हेच. खोल बर्फात चालणं त्यालाही जड जातं, म्हणून तो गोठलेल्या नद्यांवरून आणि लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून फिरतो, आणि त्याच रस्त्यांवर शिकाऱ्यांच्या तावडीत सापडतो. त्याचं पोट रानडुक्कर आणि हरणांवर, डुकरांचं पाइनच्या बियांवर आणि ओकच्या फळांवर. पाइन तुटला की वाघाचं ताट रिकामं. शिकार विरळ असल्याने एकेका वाघिणीला चारेकशे चौरस किलोमीटर रान लागतं.

वजनाचं म्हणाल तर अलीकडच्या काळात रानात मोजलेले नर सरासरी दोनशे किलोच्या आतच भरले आहेत.

आता शेवटचा, मला सर्वांत घातक वाटणारा दावा: प्राणिसंग्रहालयातली पैदासच याला वाचवेल. १९४० च्या दशकात तिथे जेमतेम काही डझन वाघ उरले होते. १९४७ मध्ये रशियात शिकारबंदी आली, आणि २०१५ च्या गणनेत पाचशेहून अधिक वाघ निघाले. हे जंगल आणि वाघाचं भक्ष्य सांभाळल्यामुळे झालं. शुद्ध अमूर वाघांची प्राणिसंग्रहालयातली पैदास राखीव साठा म्हणून कामाची आहे, पण पांढऱ्या वाघांच्या पैदाशीने अमूर वाघाला काडीचाही उपयोग नाही. उलट रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात संकर केल्याने त्यांच्यात व्यंगं वाढतात.

२०१२ मध्ये थंडीने शेपटीचं टोक झडलेली झोलुश्का नावाची अनाथ बछडी तिथे सापडली. माणसांपासून दूर ठेवून, शिकार करायला शिकू देऊन, २०१३ मध्ये तिला रशियातल्याच बास्ताक अभयारण्यात सोडलं. २०१५ मध्ये तिच्यासोबत दोन पिल्लं दिसली. बास्ताकमध्ये तिला शिकार मिळाली, आणि जोडीला नरही.