स्टेडियमच्या नावाने गुंठ्याचा भाव फुगवणं आता पुरे

अलिबाग घ्या, रत्नागिरी घ्या, सावंतवाडी घ्या. प्लॉटची जाहिरात म्हटली की ‘प्रस्तावित स्टेडियमपासून ५ मिनिटं’! अरे कसली ५ मिनिटं? नकाशावर फुटपट्टी ठेवून मोजलेली. मधली खाडी, घाटी आणि एकच गाडी जाईल एवढा साकव दलाल पार करणार आहे का? तरी चाकरमानी पीएफचे पैसे ओततो. विकणारा चढा भाव आजच खिशात घालतो. मैदान झालंच नाही तर त्यातला रुपयाही परत येत नाही.

वर तोंडावर फेकतात, “नेरूळचं डी. वाय. पाटील बघा!” बघूच. स्टेडियम २००८ साली सुरू झालं, पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली. पण नेरूळला हार्बर लोकल आधीपासून होती, शेजारून सायन-पनवेल हायवे जात होता, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने रस्ते आणि गटारं आखून दिलेली होती. खारघरला असं स्टेडियम नव्हतं, भाव तिथेही चढलेच. काम लोकलने केलं आणि श्रेय फ्लडलाइटला! तुमच्या वाडीत यातलं काय आहे? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकभराहून जास्त रखडलं, आणि हे ‘कनेक्टिव्हिटी’ विकतायत.

बरं, स्टेडियम झालं असं धरू. साडेसातची मॅच अकरानंतर संपते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, ती पाळतंय कोण? गेटसमोर परक्या गाड्या, रस्ता वळवलेला, बेडरूमवर दिव्याचा झोत. भिंतीला लागून असलेलं घर भाड्याने द्यायला गेलात की गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं. काही फायदा झालाच तर तो थोडं लांब, रुंद रस्त्यावर असलेल्याला.

आणि कोकणात जून ते सप्टेंबर मैदानाला कुलूप! चार महिने शेजारच्या हॉटेलवाल्याने काय माश्या मारायच्या? उन्हाळ्यात तर उलटच. ७० मीटर त्रिज्येचं मैदान म्हणजे सुमारे १५,४०० चौरस मीटर. हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी ७७,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास आठ टँकर, रोज. एप्रिल-मे महिन्यात विहिरींनी तळ गाठलेला असताना हे पाणी आणणार कुठून? मैदानाशेजारी बोअर मारली की खालच्या वाडीच्या विहिरीवर ताण आलाच म्हणून समजा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, कातळ फोडून, भराव टाकून सपाटी केली की पऱ्ह्याची, म्हणजे ओढ्याची, वाट बुजते आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते पाणी उतारावरच्या खळ्यात घुसतं. मैदानाचं गटार नेमकं कुठे सोडलंय, हे एकाही ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.

म्हणून पैसे देण्याआधी गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन कशासाठी राखलेली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला त्या गटापुरता तुकडा) काढा. क्रीडांगणाचं आरक्षण शेजारच्या गटावर आहे की तुम्ही घेताय त्याच गटावर? तुमच्याच गटावर असेल तर बांधकाम परवानगी विसरा. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षं थांबायचं, मग नोटीस द्यायची, वर आणखी २४ महिने; तोवर संपादन झालं नाही तरच आरक्षण सुटतं. शेजारच्या गटावर असेल तर त्याचा सातबारा बघा. कब्जेदार म्हणून अजून खाजगी नावंच असतील तर बहुधा संपादन झालेलं नाही, स्टेडियम कागदावरच आहे. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती सहसा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, हेही दलाल टोकन घेतल्यावरच सांगतो.

भाव तोंडी ऐकू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच गावातले, स्टेडियमची घोषणा होण्याआधीचे आणि नंतरचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचे गोषवारे, काढा. दस्तातली रक्कम हललेली नसेल तर वाढ फक्त दलालाच्या बोलण्यात आहे. त्या फुगवलेल्या भावावर मुद्रांक शुल्कही भरायचंय, कारण रेडीरेकनरचा सरकारी दर आणि करारातली रक्कम यांतली जी मोठी तिच्यावर ते लागतं. दलालीही त्याच मोठ्या आकड्यावर टक्क्याने. मग तो भाव खाली येऊ देईल कशाला?