खातं भाड्याने देणाऱ्याचं 'पॅकेज'

आमच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरतेय. 'भरती सुरू! पद : डिजिटल अरेस्ट अधिकारी. शिक्षणाची अट नाही, हिंदी दमदार पाहिजे. पगार : समोरच्या म्हाताऱ्याच्या एफडीवर अवलंबून. वर्दी कंपनीची, पँट स्वतःची, कॅमेऱ्यात दिसत नाही.' खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग प्रत्येक जण आपली भर घालतो. कुणी लिहितं, 'खातं देणाऱ्याला बसल्याजागी टक्केवारी.' कुणी लिहितं, 'थायलंड ट्रिप फुकट, राहणं-खाणं कंपनीकडं.' एकानं तर लिहिलं, 'यंत्रमागावर रात्रपाळी करण्यापेक्षा बरं बे.'

डिजिटल अरेस्ट म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बनून 'तुम्हाला अटक झालीय' असं धमकवायचं आणि पैसे उकळायचे. ते पैसे फिरवायला जो स्वतःचं बँक खातं भाड्याने देतो, तो 'खातं देणारा'. मला हा विनोद सहन होत नाही. का, ते एकदा नीट लिहितो.

माझं सोलापुरात कॉलेजजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. स्कॉलरशिप, पोलीस भरती, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड असं सगळं माझ्या काउंटरवरून जातं. त्यामुळे पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते आईबापांच्या आधी मला कळतं. मध्यंतरी एक पोरगा आला, विशीतला. म्हणाला, "काका, उद्यम नोंदणी करायची, करंट खातं काढायचंय." मी विचारलं, धंदा कुठला लिहू? तो म्हणाला, "काहीबी टाका." दुकान कुठंय? "काहीबी टाका." त्याच्या हातात कोरं सिमकार्ड होतं, पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. बाहेर एक जण गाडी चालू ठेवून थांबला होता. मी नोंदणी केली नाही. पोरगा चिडला नाही, उलट हसत म्हणाला, "काका, तुमाला पण कमिशन मिळंल की." कमिशनचा आकडा त्याला तोंडपाठ होता. आणि तो त्यानं अगदी त्या ग्रुपवरच्या जाहिरातीच्या थाटात सांगितला.

माझं म्हणणं इथंच आहे. विनोदात पगार येतो, टक्का येतो, सवलती येतात. नोटीस येत नाही. पोरं विनोद वाचून गुन्हेगार होतात असं मी म्हणत नाही. पण दहा वेळा हसून वाचलेल्या गोष्टीची भीती उरत नाही, आणि ज्याला पोरं शोधायची आहेत त्याला तेवढंच पाहिजे असतं. त्याचं अर्धं काम आपण फुकटात करून देतो.

आता हे 'पॅकेज' प्रत्यक्षात चालतं कसं ते सांगतो. पोरगा आपल्या नावाचं खातं काढतो, आणि पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक, नेटबँकिंगचा पासवर्ड, खात्याला जोडलेलं सिम हे सगळं दुसऱ्याच्या हातात देतो. करंट खातं लागतं, कारण त्यात मोठ्या रकमा फिरल्या तरी लगेच डोळ्यात येत नाहीत. कुठल्यातरी शहरातल्या रिटायर्ड माणसाला व्हिडिओ कॉलवर धमकावून काढलेले पैसे आधी या खात्यात येतात. काही मिनिटांत ते पुढच्या पाच-दहा खात्यांत फुटतात, मग एटीएममधून किंवा क्रिप्टोतून गायब होतात. फोन करणाऱ्याचं नाव कागदावर कुठंच नसतं. पहिलं खातं ज्याचं, त्याचं नाव, आधार, फोटो, पत्ता सगळं असतं. म्हणून पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची नोटीस येते आणि तपासाला हजर राहायला दुसऱ्या राज्यात जावं लागतं. हिंदीची बोंब, वकिलाचे पैसे नाहीत, आणि ज्यानं खातं घेतलं त्याचा नंबर बंद.

हा किरकोळ प्रकार आहे असं कुणाला वाटत असेल तर केंद्र सरकारनं संसदेत दिलेला आकडा बघा. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. एवढा पैसा हवेतून जात नाही, कुणाच्या तरी खात्यातूनच जातो.

आमच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार अक्कांचं सांगतो. पोरानं स्वतःचं खातं दिलं होतंच, पुढं अक्कांचंही दिलं. त्यांना सांगितलं, केवायसी करायचीय, अंगठा लावा. खातं गोठलं तेव्हा त्यांना कळलं, ते लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये काढायला गेल्यावर. माझ्या काउंटरवर पासबुक ठेवून त्या विचारत होत्या, "माझं काय चुकलं ओ?" विड्या वळून वळून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, आधारवर ठसा उमटायलाही चार-चार वेळा दाबावं लागतं. त्यांच्या नावानं कुणीतरी लाखांची उलाढाल केली होती. या अक्कांसमोर तो 'बसल्याजागी टक्केवारी'वाला विनोद वाचून दाखवायची हिंमत आहे का कुणाची?

आणि ती थायलंड ट्रिप. 'डेटा एंट्री, डॉलरमध्ये पगार, तिकीट कंपनीचं' असं सांगून पोरांना बँकॉकला नेतात, तिथून गाडीत घालून थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतला, आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला. पासपोर्ट काढून घेतात. उंच कुंपणं, बंदूकवाले पहारेकरी, टार्गेट पूर्ण झालं नाही की मार आणि विजेचे झटके. सुटायचं तर घरच्यांकडून खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं २०२३ मध्ये अंदाज दिला होता की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक असे अडकवून कामाला जुंपलेले असावेत. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाची विमानं माए सोतला गेली आणि दोन दिवसांत ५४९ भारतीयांना घेऊन आली. त्यांनाही घरातून निघताना कुणीतरी पगार आणि राहणं-खाणंच सांगितलं होतं.

'यंत्रमागापेक्षा बरं' या वाक्यावर मात्र मी हसणाऱ्यांवर रागावू शकत नाही. त्यात खरी व्यथा आहे. सूतगिरण्या गेल्या, यंत्रमागाचं काम कधी आहे कधी नाही, एमआयडीसीत पोरानं बारा तास उभं राहायचं आणि हातात येतं ते घरभाड्यात, किराण्यात संपतं. शिकलेली पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातात, मागं राहिलेल्यांना लग्नाच्या बाजारात कुणी विचारत नाही. अशा पोराला कुणी खात्यामागं रोख पैसे दाखवले तर तो घसरतो. म्हणून मी त्याच्याइतकाच, किंबहुना जास्त, राग त्या गाडी चालू ठेवून थांबलेल्या माणसावर धरतो. पोरगा नोटिसा घेऊन फिरतो आणि तो माणूस दुसऱ्या कॉलेजच्या गेटवर जाऊन थांबतो. त्याच्यावर विनोद का होत नाहीत? त्याचं नाव ग्रुपवर का येत नाही? सगळ्यांना माहीत असतं, कुठल्या चौकात कोण बसतं ते.

ज्यांनी खातं देऊन टाकलंय त्यांनी लाजून घरात बसू नका. आजच्या आज बँकेत जा, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सिम तुमच्या नावावर असेल तर तेही बंद करून घ्या. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, ते तपासा. मग सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा, खातं कुणी मागितलं, तो कुठं भेटला, कुणाची गाडी होती, सगळं सांगा. पैसे गेलेल्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला एक तासही थांबू नये, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. कुणाला अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्या दुकानात या, मी लिहून देतो, पैसे घेणार नाही.

आणि ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना विनंती, ती भरतीची जाहिरात काढून टाका.