‘शाळेत राजकारण नको’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा ताईचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते आणि दर शनिवारी शेवटच्या तासाला गावच्या प्रश्नांवर मुलांची चर्चा घेते. यापुढे बंद करते म्हणाली. कारण पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज आणि त्याखाली पडलेले अंगठे. मेसेजमध्ये म्हटलंय की वर्गात असली चर्चा घेणं बेकायदा आहे; राजकारणाची समज घरातूनच येते, शाळेने फरक पडत नाही; पुस्तक सगळ्यांना सारखंच, मग विषमता कसली; आणि गरिबाच्या पोराला ग्रामसभा शिकवून काय मिळणार, त्याला हाताचं काम शिकवा.

बेकायदा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ वाचा. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं, मतं मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वर्गात पक्षाचा प्रचार नको, हे मलाही मान्य. पण पाणी आधी कुणाला सोडावं यावर मुलांनी वाद घालणं हा प्रचार नव्हे.

घराचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. लँग्टन आणि जेनिंग्ज या संशोधकांनी अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला, त्यात नागरिकशास्त्राच्या तासांचा बहुतेकांवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. पण त्याच अभ्यासात कृष्णवर्णीय मुलांवर तो दिसला. बाकीच्यांना त्या तासात नवीन असं फारसं काही नव्हतं.

आता ते शेवटचे दोन मुद्दे, सारख्या पुस्तकाचा आणि हाताच्या कामाचा. ते वाचून माझं डोकंच फिरलं. ताईने एकदा वर्गात विचारलं, नळाला पाणी येत नसेल तर कुणाला सांगायचं? सरपंचाच्या पुतण्याने ग्रामसेवकाचं नाव, ग्रामसभेची तारीख, सगळं धडाधड सांगितलं. वस्तीवरच्या मुलीने ‘ग्रामसभा’ हा शब्द फक्त धड्यात वाचला होता. पुस्तक दोघांचं एकच. चर्चा बंद केली तर पुतण्याचं काही बिघडत नाही, त्याची शिकवणी रोज ओट्यावर चालूच आहे. त्या मुलीला तो शनिवारचा तास सोडून दुसरी जागा कुठे आहे?

हे माझ्या मनचं नाही. १९९९ मध्ये २८ देशांतल्या सुमारे ९० हजार चौदा वर्षांच्या मुलांची नागरिकशास्त्राची पाहणी झाली. तिच्यातली अमेरिकेची माहिती घेऊन डेव्हिड कॅम्पबेल यांनी २००८ मध्ये दाखवलं, की मतभेद मोकळेपणाने मांडता येणाऱ्या वर्गातल्या मुलांना नागरिकशास्त्र जास्त समजतं, आणि गरीब घरांतल्या मुलांची पिछाडी अशा वर्गात काही अंशी भरून निघते. पूर्ण नाही, काही अंशी. तेवढंही ताईने का काढून घ्यावं?

आणि हाताचं काम शिकलेल्या माणसाला पाणी, रस्ता, रेशन लागत नाही का?

ताई, या शनिवारी तास घेच. त्या मुलीने विषयही सांगून ठेवलाय ना, वस्तीच्या वाटेवरचा बंद दिवा.