आठ इमारती नकोत, दोन टीम द्या

सतरा सप्टेंबर जवळ आला की आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठवाड्याच्या अनुशेषाची यादी फिरू लागते. पाणी, रेल्वे, आणि हल्ली हमखास तिसरी मागणी: आठही जिल्ह्यांना प्रत्येकी एक कॅन्सर हॉस्पिटल. इथे इंग्लंडातल्या लीड्समध्ये बसून पहिल्या दोन मागण्यांना मी डोळे झाकून अंगठा देतो. तिसरीवर मात्र अडतो.

अन्ननलिकेचाच कॅन्सर घ्या. परभणीकडच्या आमच्या एका मामांना आधी भाकर अडकायला लागली. मग दुधात कुस्करून, मग नुसती पेज. अॅसिडिटीच्या गोळ्यांत काही महिने गेले. दुर्बीण घालून तुकडा तपासला तेव्हा निदान झालं. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करू. दुसऱ्या शहरातले डॉक्टर म्हणाले, आधी केमो आणि रेडिएशन. दोघं एकमेकांशी कधी बोललेच नाहीत. मधला निरोप्या मामांचा मुलगा. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सीटीच्या फिल्मा घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. आपल्याकडे टीम असतेच, पण ती नातेवाइकांची.

यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपल्याकडे या कॅन्सरचा जो प्रकार जास्त दिसतो, त्यामागे तंबाखू आणि दारू असते. त्यात काहींचं केमो-रेडिएशनवरच भागतं, काहींना त्यानंतर ऑपरेशन लागतं. ब्रिटनमध्ये जास्त दिसणारा प्रकार वेगळा. त्यामागे लठ्ठपणा आणि वर येणारं आम्ल. म्हणजे कुणाला काय द्यायचं हे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, सगळ्यांनी एकत्र बसूनच ठरवायला हवं. नाहीतर पहिलं दार ज्याचं ठोठावलं, त्याचाच इलाज.

इंग्लंडमध्ये २००१ सालीच ठरलं, की अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरच्या एका तज्ज्ञ टीमकडे कमीत कमी दहा लाखांची लोकवस्ती असावी. कारण साधं आहे. छाती आणि पोट उघडून, जठराची नळी करून वर ओढून जोडायची, हे ऑपरेशन वर्षाकाठी दोन-चार करणाऱ्याच्या हाती देऊ नये. टीम ठरावीक दिवशी बसते, एकेक केस मांडली जाते. पेशंटला एका तज्ज्ञ नर्सचा फोन नंबर मिळतो. हाच कॅन्सर झालेल्या माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं वजन घटू लागलं तेव्हा त्या नर्सनंच आहारतज्ज्ञाला कळवलं. आतड्यात घातलेल्या नळीतून काय, किती, केव्हा द्यायचं ते त्याच्या बायकोला बसवून शिकवलं.

पण इथलं सगळं गोडवे गाण्यासारखं नाही. तातडीच्या संशयापासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत हे उद्दिष्ट इथे वर्षानुवर्षं गाठलं जात नाही. परभणीत पैसे मोजले तर दुर्बिणीची तपासणी दुसऱ्या दिवशी होते, ते इथल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत मराठवाडा १ कोटी ८७ लाखांचा. छत्रपती संभाजीनगरात सरकारी कॅन्सर रुग्णालय आहेच. तिथे एक टीम घडवा, दुसरी नांदेड किंवा लातूरला. २०१२ साली उभं राहिलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं आहे, अवघड केस त्यांच्या तज्ज्ञांपुढे ऑनलाइन मांडता येते. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत १९८७ पासून आपले भूम आणि परंडा तालुके आहेत. रुग्ण मोजायला शिकायचं तर लांब जायला नको. उरलेल्या सहा जिल्ह्यांना इमारतीऐवजी प्रत्येकी एक तज्ज्ञ नर्स आणि एक आहारतज्ज्ञ द्या. या पदांना फीत कापायला मंत्री येत नाहीत, म्हणून ती यादीत नसतात.

ग्रुपवर हे लिहिलं तर एकानं लगेच सुनावलं: "तुम्ही तिकडं बसून सांगता, परभणीच्या माणसानं नांदेडला का जायचं?" ऑपरेशनपुरतं जायचं. तपासणी, केमो, टाके काढणं, नळी बदलणं परभणीतच. इथेही लहान गावांतले पेशंट ऑपरेशनसाठी लांबच्या शहरात जातात, आणि पार्किंगच्या पैशांवरून रोज कुरकुरतात.